एका फ्रेंच चित्रपटाची चकती आणि मराठीतील संबोधने

१

पनवेल तालुक्यातील गव्हाण हे गाव आता मुंबईपासून दूर राहिलेले नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी खारकोपर ते उरण ह्या लोहमार्गाचे उद्घाटन झाले; गव्हाण स्थानक ह्याच मार्गावर आहे. त्याच दिवशी शिवडीहून खाडी ओलांडून येणाऱ्या अटल सेतूचेही उद्घाटन झाले. जगातील वस्तू ह्या गावात लौकर पोहोचू लागल्या आहेत. परंतु वस्तू पोहोचली म्हणजे तिच्यातील अर्थही पोहोचला असे होत नाही. प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य ह्याच गावी असल्यामुळे ह्या विधानाचा एक लहानसा पुरावा त्याला घरबसल्या मिळाला, आणि तो भाषाभ्यासकांपुढे ठेवण्याजोगा वाटला म्हणून हा लेख.

गेल्या पावसाळ्यातील एका संध्याकाळी फ्रांस्वा त्र्युफो ह्या दिग्दर्शकाचा १९६८ सालचा 'बेझे व्होले' हा चित्रपट आमच्या घरी ब्लू-रे चकतीवरून लावला होता. 'चोरलेली चुंबने' असा त्या नावाचा शब्दशः अर्थ होय. चित्रपट प्रणयविनोदी आहे. शेजारच्या एक आजी, वय सत्तरीच्या पुढचे, सहज येऊन बसल्या. त्यांना फ्रेंच येत नाही आणि इंग्रजीही येत नाही. चकतीवर इंग्रजी सबटायटले होती. पडद्याखाली उमटणाऱ्या त्या ओळी मी त्यांच्यासाठी मराठीत सांगत गेलो.

कथा थोडक्यात अशी. आंत्वान दोआनेल हा तरुण सैन्यातून काढून टाकलेला आहे. तो एका हॉटेलात रात्रपाळीचे काम करतो, ते जाते. मग एका खासगी गुप्तहेर कचेरीत लागतो. ताबार नावाचा एक जोड्यांचा दुकानदार त्या कचेरीत येतो. आपण कोणालाच का आवडत नाही ह्याचा शोध लावावा, अशी त्याची विलक्षण मागणी असते. शोधासाठी आंत्वानला त्याच्या दुकानात नोकर म्हणून ठेवण्यात येते, आणि तेथे तो मालकाच्या पत्नीच्या, फाबियेन ताबार हिच्या, प्रेमात पडतो. एकदा दोघेच कॉफी घेत असताना ती त्याला विचारते की तुम्हांला संगीत आवडते काय. गोंधळलेला आंत्वान उत्तर देतो : 'वी, मस्यू', म्हणजे 'होय, महाशय'. एका स्त्रीला आपण 'महाशय' म्हणालो हे ध्यानात येताच तो तेथून जो पळतो तो जिना उतरून थेट रस्त्यावर.

हे मी 'होय साहेब' असे सांगितले तेव्हा आजी मनापासून हसल्या. पुढे फाबियेन स्वतःच आंत्वानच्या खोलीवर येते आणि त्याच्याशी शांतपणे बोलते. तिची वाक्ये मी मराठीत सांगत असता आजींनी मला मध्येच थांबविले. त्यांनी विचारले, "मास्तर, ती बाय त्याला तू बोलते का तुमी?" मी म्हणालो, "आजी, इंग्रजीत तसे काही कळत नाही." त्यांचे समाधान झाले नाही. ती मालकीण म्हणून आली आहे की बाई म्हणून आली आहे, हे त्याशिवाय कसे कळायचे, असे त्यांचे म्हणणे.

मी चित्रपट मागे नेला आणि इंग्रजी ओळींकडे न पाहता मूळ आवाज ऐकला. ती त्याला 'वू' म्हणत होती, म्हणजे 'तुम्ही'. मी मात्र इतका वेळ तिच्या तोंडी 'तू' घालून सर्व संवाद सांगितला होता. भाषाशास्त्र शिकविण्यात वर्षे घालविलेल्या माणसाची ही चूक होती, आणि ती शोधून काढली होती संबोधनांचा शास्त्रीय विचार कधीही न केलेल्या एका वृद्ध स्त्रीने. ही चूक कशी घडली, आणि ती एकट्या व्यक्तीची चूक आहे की एका रस्त्याची, ह्याचा विचार पुढे केला आहे.

२

इंग्रजीत समोरच्या माणसाला उद्देशून आज एकच सर्वनाम आहे : 'यू'. हे मुळात अनेकवचन होय. एकवचनी 'दाउ' हे सर्वनाम पूर्वी इंग्रजीतही होते. ते जवळिकीचे, तसेच वरच्याने खालच्याला वापरण्याचे होते. सतराव्या-अठराव्या शतकांत ते प्रमाण व्यवहारातून जवळजवळ नाहीसे झाले. काही बोलींत, प्रार्थनेत आणि क्वेकर पंथीयांच्या बोलण्यात तेवढे उरले. म्हणजे इंग्रजीने सर्वांनाच 'तुम्ही' म्हणावयाचे ठरविले, आणि सर्वांना 'तुम्ही' म्हटल्यामुळे त्या 'तुम्ही'तील आदर उडून गेला. जेथे दोन पर्याय नाहीत तेथे निवड नाही, आणि जेथे निवड नाही तेथे अर्थ नाही.

फ्रेंचमध्ये तसे झाले नाही. तेथे 'त्यू' आणि 'वू' ही दोन सर्वनामे आजही जिवंत आहेत. त्यांचे मूळ लॅटिनमधील 'तू' आणि 'व्होस' ह्यांत आहे. व्होस हे अनेकवचन. ते प्रथम सम्राटाला उद्देशून वापरले जाऊ लागले आणि मग पायरीपायरीने खाली उतरले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ साली, ही विषमता मोडण्यासाठी सर्वांनी परस्परांना 'त्यू' म्हणावे असा प्रयत्न सरकारी पातळीवर झाला; तो टिकला नाही. कॅथलिक पंथाच्या फ्रेंच प्रार्थनेत आकाशातील पित्याला 'वू' म्हणण्याची रीत होती, ती १९६६ मध्ये बदलून 'त्यू' करण्यात आली. म्हणजे त्र्युफोचा चित्रपट निघण्यापूर्वी अवघी दोन वर्षे फ्रान्समध्ये देवाशीही संबोधन बदलले होते. सर्वनाम हा तेथे केवळ व्याकरणाचा विषय नाही, हे ह्यावरून दिसून येईल.

ह्या विषयावर रॉजर ब्राउन आणि आल्बर्ट गिलमन ह्यांनी १९६० साली एक प्रसिद्ध निबंध लिहिला. युरोपातील भाषांचा आढावा घेऊन त्यांनी असे दाखविले की, अशा सर्वनामांच्या निवडीमागे दोन तत्त्वे काम करतात. एक सत्तेचे आणि दुसरे सलगीचे. सत्तेच्या तत्त्वानुसार वरचा खालच्याला 'त्यू' म्हणतो आणि खालचा वरच्याला 'वू' म्हणतो. संबोधन एकतर्फी असते. सलगीच्या तत्त्वानुसार दोघेही एकमेकांना तेच म्हणतात. परके असतील तर दोघेही 'वू', जवळचे असतील तर दोघेही 'त्यू'. युरोपात काळाच्या ओघात पहिले तत्त्व मागे पडत गेले आणि दुसरे बळावत गेले, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आता फ्रेंच प्रणयविनोदी चित्रपटांत ह्या सर्वनामांना एवढे महत्त्व का, हे कळून येईल. दोन परकी माणसे 'वू' पासून आरंभ करतात. त्यांपैकी एक जण कधीतरी 'त्यू' म्हणून पाहतो. दुसरा ते स्वीकारतो किंवा स्वीकारीत नाही. प्रेमाची कबुली देण्यापूर्वी सर्वनामाची कबुली द्यावी लागते. आणि उलट, जेथे 'त्यू' म्हणणे सहज शक्य आहे तेथे कोणी समजून उमजून 'वू'च म्हणत राहिला, तर त्यालाही अर्थ असतो. फाबियेनचे 'वू' हे असे आहे. ती वयाने मोठी, श्रीमंत, मालकाची पत्नी; आंत्वान तिच्या दुकानातला नोकर. तरी ती त्याला बरोबरीचे संबोधन देते. ती हुकूम सोडण्यास आलेली नाही, बोलण्यास आलेली आहे. आजींना नेमके हेच हवे होते.

३

मराठी वाचकाला ही व्यवस्था परकी वाटण्याचे कारण नाही. 'अरे-तुरे करणे' आणि 'अहो-जाहो करणे' ही दोन क्रियापदेच आपल्यापाशी तयार आहेत. फ्रेंचमध्येही ह्या दोन क्रियांसाठी अशीच दोन क्रियापदे आहेत. इंग्रजीत त्यांना प्रतिशब्द नाही. तेथे एक लांबलचक वाक्य लिहून समजावून सांगावे लागते. म्हणजे ह्या एका बाबतीत गव्हाण हे लंडनपेक्षा पॅरिसला अधिक जवळ आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मराठीची व्यवस्था फ्रेंचहून अधिक पदरांची आहे. सर्वनामे तीन : तू, तुम्ही आणि आपण. शिवाय अरे, अगं आणि अहो ही संबोधने. आणि त्यांचीच वाक्याच्या शेवटी येणारी रूपे, 'का रे', 'का गं', 'का हो'. क्रियापदही बरोबर बदलते : ये आणि या, सांग आणि सांगा, आलास आणि आलात. ह्यांत एक सूक्ष्म भेद आहे, तो सहसा ध्यानात घेतला जात नाही. एकेरीत समोरच्याचे लिंग क्रियापदात प्रकट होते : 'तू आलास', 'तू आलीस'. अनेकवचनी आदरार्थी रूपात ते झाकले जाते : 'तुम्ही आलात' हे पुरुषालाही म्हणतात आणि स्त्रीलाही. संबोधनांचेही तसेच. 'अरे' पुरुषाला, 'अगं' स्त्रीला, पण 'अहो' दोघांनाही चालते. विशेषण आले तर लिंग पुन्हा उघडे पडते, हे खरे. तथापि सर्वसाधारण नियम असा की मराठीत जवळीक लिंग दाखविते आणि आदर ते झाकतो.

दुसरा भेद कुटुंबातील. परंपरेने आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही'. नवरा बायकोला 'अगं' म्हणणार आणि बायको नवऱ्याला 'अहो' म्हणणार. नवऱ्याचे नाव उच्चारावयाचे नाही, आणि उच्चारावयाचेच झाले तर ते उखाण्यात गुंफून. ब्राउन आणि गिलमन ह्यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर मराठी संसारात सत्तेचे आणि सलगीचे ही दोन्ही तत्त्वे एकाच छपराखाली राहत आली. गेल्या दोन-तीन पिढ्यांत शहरांतून पती-पत्नी परस्परांना नावाने आणि एकेरीत हाक मारू लागली आहेत, हा बदल सर्वांच्या डोळ्यांदेखतचा आहे.

'तू' म्हणजे अनादर असे मात्र समजू नये. देवाला आपण 'तू' म्हणतो. आमच्या परिसरातील आगरी बोली बोलणारी वृद्ध माणसे परक्यालाही सहज एकेरीत बोलावितात. ज्या आजींचा वर उल्लेख केला त्या मला 'मास्तर' म्हणतात आणि 'तू'ही म्हणतात. 'मास्तर' ह्या शब्दाने मान दिला जातो आणि 'तू' ह्या शब्दाने घरात घेतले जाते. प्रमाण मराठीच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला हा विसंवाद वाटेल. वास्तविक तो त्या बोलीतील एक सुसंगत व्यवहार आहे. 'तू' कोठे, कोणी, कोणास म्हटले ह्यावर त्याचा अर्थ ठरतो, हे आजींना पुस्तकाशिवाय ठाऊक होते. म्हणूनच त्या बाईचे 'तू' कोणत्या जातीचे, ही त्यांची विचारणा होती.

'आपण' ह्या शब्दाचीही येथे नोंद करावयास हवी. तो अत्यादराचे द्वितीयपुरुषी सर्वनाम आहे, आणि बोलणारा व ऐकणारा ह्या दोघांना सामावून घेणारे प्रथमपुरुषी सर्वनामही आहे. 'आम्ही निघालो' ह्यात ऐकणारा मागे राहतो. 'आपण निघालो' ह्यात तो बरोबर येतो. हा भेद मराठीत द्राविडी भाषांच्या सान्निध्याने आला असावा, असे अभ्यासक मानतात. फ्रेंचच्या 'नू' ह्या सर्वनामात हा भेद नाही. तेव्हा मराठीतील प्रेमिकांना एक जास्तीची पायरी उपलब्ध आहे. 'मी आणि तुम्ही' येथून निघून 'आपण' येथे पोहोचणे, ही ती पायरी. फ्रेंच संवाद मराठीत आणणाऱ्याला प्रत्येक 'नू' पाशी थांबून 'आम्ही' की 'आपण' हे ठरवावे लागेल, आणि ते ठरविताना पात्रांचे नाते कोठवर आले आहे हे त्याला कळलेले असावे लागेल.

४

आता माझ्या चुकीकडे वळू. इंग्रजी ओळीत 'यू' होते. मराठीत सांगताना मला 'तू' किंवा 'तुम्ही' ह्यांपैकी एक निवडणे भाग होते. मराठी वाक्य निवडीवाचून पुरेच होत नाही. ती निवड मी केली, पण आपण निवड करीत आहोत ह्याचे भान मला नव्हते. मालकीण आणि नोकर असे नाते दिसताच माझ्या जिभेने मालकिणीच्या तोंडी 'तू' घातले, कारण आपल्याकडे मालकीण नोकराशी बहुधा तशीच बोलते. पॅरिसमधील बाईने जी उतरंड दूर ठेवली होती ती मी गव्हाणमधून तिच्या घरात नेऊन मांडली.

ह्यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. मध्यस्थ भाषेत एखादा भेद नसला म्हणजे तेथे मोकळी जागा राहते, असे आपण समजतो. परंतु ती जागा मोकळी राहत नाही. भाषांतर करणाऱ्याच्या समाजातील रूढी न विचारता तेथे येऊन बसते. इंग्रजी 'यू' हे त्यामुळे तटस्थ नव्हे. त्याच्या वाटेने येणारा प्रत्येक नोकर, प्रत्येक बायको, प्रत्येक गरीब माणूस मराठीत कोणत्या पायरीवर उभा राहील हे मूळ लेखक ठरवीत नाही, आपली सवय ठरविते.

इंग्रजीच्या वाटेने सर्वच हरवते असे मात्र नाही. ह्याच चित्रपटात फाबियेन आंत्वानला लिहिलेल्या चिठ्ठीत शिष्टाचार आणि समयसूचक नाजूकपणा ह्यांतील फरक एका दृष्टांताने सांगते. पाहुणा चुकून स्नानगृहाचे दार उघडतो आणि आत एक विवस्त्र स्त्री दिसते. 'क्षमा करा, बाईसाहेब' असे म्हणून तो दार लावून घेईल तर तो शिष्टाचार. 'क्षमा करा, साहेब' असे म्हणेल, म्हणजे आपण काही पाहिलेच नाही असे तिला वाटू देईल, तर तो नाजूकपणा. आंत्वानच्या फजितीला, 'महाशय' ह्या त्याच्या चुकीच्या शब्दाला, ती अशी प्रतिष्ठा मिळवून देते. हा विनोद इंग्रजीत अखंड येतो, कारण तो सर्वनामावर नव्हे तर नामावर उभा आहे. गंमत अशी की मराठीत तो सांगताना अधिक जपावे लागते. मराठी पाहुणा नुसते 'माफ करा' म्हणून मोकळा होईल, आणि आदरार्थी रूपात लिंग झाकलेलेच असल्यामुळे विनोद जन्मालाच येणार नाही. 'साहेब' हा शब्द मुद्दाम घालावा लागतो. प्रत्येक भाषेचा झाकण्याचा आणि दाखविण्याचा भाग निराळा असतो, एवढाच ह्याचा अर्थ.

५

फ्रेंच प्रेमविनोद इंग्रजीच्या मार्गे मराठीत येणे, ही गोष्ट नवी नाही. मोलिएरच्या एका प्रहसनाचा प्रवास ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. 'स्गानारेल' हे त्याचे नाटक १६६० साली पॅरिसमध्ये रंगभूमीवर आले. प्रियकराची तसबीर पाहता पाहता एक तरुणी रस्त्यात मूर्च्छित पडते. स्गानारेल तिला सावरतो. ते त्याची बायको खिडकीतून पाहते. खाली पडलेली तसबीर तिच्या हाती लागते, आणि ती तसबीर न्याहाळताना तिला नवरा पाहतो. संशयाचे चक्र सुरू होते. आर्थर मर्फी ह्या नाटककाराने ह्या कथेवरून इंग्रजीत 'ऑल इन द राँग' हे नाटक रचले. ते १७६१ साली लंडनमध्ये झाले. आणि गोविंद बल्लाळ देवल ह्यांनी मर्फीच्या नाटकावरून मराठीत प्रथम 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक १८९३ मध्ये, आणि पुढे त्याचेच संगीत रूप 'संशयकल्लोळ' सिद्ध केले. देवलांचे निधन १९१६ सालच्या जून महिन्यात झाले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ते संगीत नाटक रंगभूमीवर आणले. फाल्गुनराव, कृत्तिका, आश्विनशेट, रेवती आणि भादव्या ही मंडळी तेव्हापासून मराठी माणसाच्या घरची झाली आहेत.

देवलांपुढेही इंग्रजीचे 'यू'च होते. मोलिएरच्या पात्रांनी 'त्यू' कोठे म्हटले आणि 'वू' कोठे, हे मर्फीच्या पानावर दिसणे शक्य नव्हते. तथापि देवलांनी भाषांतर केले नाही, रूपांतर केले. त्यांनी पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे दिली, त्यांना मराठी वस्तीत नेऊन ठेवले, आणि मग त्या वस्तीत जो नवरा-बायकोचा व्यवहार चालतो तोच त्यांच्या तोंडी घातला. एकोणिसाव्या शतकातील मराठी गृहिणीने नवऱ्यावर कितीही आग पाखडली तरी ती 'अहो'च्या चौकटीतून पाखडावयाची. आदराच्या रूपातून संतापाचा आशय बाहेर पडतो, आणि त्या ओढाताणीत जो विनोद होतो तो मर्फीच्या इंग्रजीत सापडणार नाही. येथे रिकामी जागा आपल्या रूढीने भरली गेली, पण ती जाणून बुजून भरली गेली. प्रेक्षकालाही आपण मराठी घर पाहत आहोत हे ठाऊक होते. आचार्य अत्र्यांचे 'कवडीचुंबक' हे नाटकही मोलिएरच्या कृपणावरून झाले, आणि तेही ह्याच न्यायाने मराठी आहे.

सबटायटलाची गोष्ट वेगळी. पडद्यावर पॅरिसचा रस्ता आहे, चेहरा फ्रेंच आहे, आवाज फ्रेंच आहे. खालची ओळ त्या माणसांचे बोलणे प्रामाणिकपणे सांगत आहे, असा प्रेक्षकाचा विश्वास असतो. रूपांतरकाराला जे स्वातंत्र्य आहे ते येथे नाही. देवलांनी केले ते सर्जन होते. मी आजींसमोर केले ती नजरचूक होती. दोहोंत भरलेली जागा एकच, पण एकात ती मालकाने भरली आहे आणि दुसऱ्यात ती भाडेकरूने परस्पर बळकावली आहे.

६

ह्यावर उपाय उघड आहे : फ्रेंच चित्रपटांची मराठी सबटायटले थेट फ्रेंचवरून व्हावयास हवीत. ह्याला दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला तांत्रिक, दुसरा जागेचा. दोन्ही तपासून पाहू.

ब्लू-रे चकती २००६ साली बाजारात आली. तीवरील खुणा ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळसर जांभळ्या लेझर किरणाने वाचल्या जातात. डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा तांबडा किरण लागे. तरंग आखूड म्हणून खुणा बारीक, आणि खुणा बारीक म्हणून एकाच थरावर २५ गिगाबाइट इतकी माहिती मावते; दोन थर असतील तर ५०. डीव्हीडीच्या एका थरावर ४.७ गिगाबाइट मावत असे. पडद्यावर १९२० बिंदू आडवे आणि १०८० उभे असे चित्र उमटते. ह्या चकतीवर सबटायटलांचे ३२ स्वतंत्र प्रवाह ठेवण्याची सोय असते. महत्त्वाची गोष्ट अशी की, ही सबटायटले सर्वसाधारणपणे अक्षरसंकेतांच्या रूपाने नव्हे, तर लहान लहान चित्रांच्या रूपाने साठविलेली असतात. यंत्राला देवनागरी लिपी यावी लागत नाही. जोडाक्षर, रफार, शिरोरेखा, जे काही काढून द्यावे ते यंत्र जसेच्या तसे दाखविते. तेव्हा मराठीला तांत्रिक अडचण आहे, ह्या म्हणण्यात तथ्य नाही.

ह्याच चकत्यांवर जगाची तीन प्रदेशांत विभागणी केलेली असते. फ्रान्स 'बी' प्रदेशात आणि भारत 'सी' प्रदेशात येतो. तसे बंधन घातलेली पॅरिसमध्ये घेतलेली चकती येथील यंत्रावर चालत नाही. व्यापाराने घातलेली ही कुंपणे डोळ्यांना दिसतात आणि त्यांबद्दल तक्रारही होते. भाषेचे कुंपण मात्र चकती चालू झाल्यावरही दिसत नाही, म्हणून त्याची तक्रार कोणी करीत नाही.

दुसरा आक्षेप जागेचा. सबटायटलाला सामान्यतः दोनच ओळी मिळतात, एका ओळीत सुमारे चाळीस अक्षरे बसतात, आणि काही सेकंदांत ती वाचून व्हावी लागतात. एवढ्या जागेत मानापमानाचे बारकावे कसे बसावेत? इंग्रजीला ते खरोखरच कठीण आहे. पात्राने 'वू' सोडून 'त्यू' म्हटले हे सांगण्यासाठी इंग्रजीला एखादे पहिले नाव, एखादा लाडका शब्द वाढवावा लागतो. मराठीला त्याचा खर्च जवळजवळ शून्य आहे. 'बस' आणि 'बसा' ह्यांत एका कान्याचा फरक. 'आलास' आणि 'आलात' ह्यांत एका अक्षराचा. ज्या भाषेत आदर एका मात्रेत मावतो ती भाषा ह्या कामासाठी इंग्रजीहून अधिक योग्य आहे. शिवाय ज्या ठिकाणी मूळ सर्वनाम परस्पर आणि समान आहे तेथे मराठीतही ते परस्पर आणि समान ठेवावे, मग ते आपल्या रूढीला कितीही विचित्र वाटो, एवढा एक नियम पाळला तरी बहुतेक चुका टळतील.

माणसांचाही तुटवडा नाही. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि मुंबई विद्यापीठाच्या फ्रेंच विभागात ही भाषा शिकविली जाते. महाराष्ट्रातील अनेक शाळांतून मुले ती शिकतात. पण शिकलेले फ्रेंच बहुधा इंग्रजीकडे वळते, मराठीकडे वळत नाही. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने अभिजात भाषेचा दर्जा दिला, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु भाषेचा मान तिच्या वयावर जितका अवलंबून असतो, तितकाच तिच्याकडून आपण कोणती कामे करून घेतो ह्यावरही असतो. भाषा विभाग आणि फ्रेंच विभाग ह्यांच्या विद्यार्थ्यांनी मिळून एखाद्या चित्रपटाचे संवाद थेट मराठीत उतरविण्याचा उपक्रम हाती घ्यावा. त्यातून संबोधनांच्या तौलनिक अभ्यासाला जी सामग्री मिळेल ती आज कोठेही एकत्र उपलब्ध नाही.

त्या संध्याकाळी उरलेला चित्रपट मी आवाज वाढवून आणि कान देऊन सांगितला. अखेरीस आंत्वान आणि क्रिस्तीन, म्हणजे ज्या मुलीकडे तो शेवटी परत येतो ती, न्याहारीच्या टेबलाशी बसलेली असतात. दोघे बोलत नाहीत. कागदाच्या चिठ्ठ्यांवर काहीतरी लिहून एकमेकांकडे सरकवितात, आणि तो बाटली उघडण्याचे साधन अंगठीसारखे तिच्या बोटात घालतो. चिठ्ठ्यांत काय लिहिले हे प्रेक्षकाला कळत नाही, सबटायटलही काही सांगत नाही. आजींनी तेथे काही विचारले नाही. त्यांना विचारण्यासारखे काही उरले नव्हते. मला मात्र आजही वाटते की, त्या चिठ्ठ्यांपैकी कोठल्यातरी एकीवर 'आपण' हा शब्द असणार. फ्रेंचला तो लिहिता येत नाही, एवढेच.